संख्याशास्त्राच्या पदवीचे द्रव्यमूल्य

बारावीचा निकाल लागला म्हणजे गणितात बरे गुण मिळवलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या घरी जो विचारविनिमय सुरू होतो, त्यात संख्याशास्त्राचे नाव आजकाल पूर्वीपेक्षा अधिक वेळा निघते, आणि ते निघाल्याबरोबर घरातील कर्ती माणसे विचारतात की या पदवीवर पुढे पोट भरेल काय, आणि भरलेच तर कितपत सुखाने. हा प्रश्न क्षुद्र समजणारे आणि विद्येची किंमत रुपयांत करू नये असे बजावणारे विद्वान आपल्याकडे पुष्कळ आहेत. मला त्यांचे मत मान्य नाही. ज्या कुटुंबाला मुलाच्या शिक्षणासाठी साठवलेली शिल्लक मोडावी लागते, किंवा सातबाऱ्यावर बोजा चढवून घ्यावा लागतो, त्याचा हा प्रश्न विद्येचा अवमान करणारा नसून विद्येला आपल्या घरात जागा कशी करून द्यावी या काळजीतून निघालेला असतो. ज्यांचे नाव आज जगातील संख्याशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळते ते सी. आर. राव गणिताची पदवी घेऊन नोकरीच्याच शोधात कलकत्त्यास गेले होते, आणि लष्करी खात्यातील जागा न मिळाल्यामुळे १९४१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेत दाखल झाले. पुढे चारच वर्षांत त्यांनी क्रामेर-राव असमानता या नावाने ओळखला जाणारा सिद्धांत मांडला. चरितार्थाची विवंचना आणि ज्ञानाची ओढ ही एका मनात सुखाने नांदू शकतात.

तेव्हा या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे, आणि तेही याच शास्त्राच्या शिस्तीने दिले पाहिजे. कारण बाजारात या प्रश्नाची जी उत्तरे तयार मिळतात, त्यांतील बहुतेक आकड्यांच्या दुरुपयोगाचे नमुने असतात. अभ्यासक्रमांच्या जाहिरातींत ‘सरासरी पॅकेज’ म्हणून जो आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो, तोच पाहा. धरून चालू की एका वर्गात दहा विद्यार्थी आहेत. त्यांपैकी नऊ जणांना वर्षाला तीन लाख रुपयांची नोकरी मिळाली, आणि दहावा एखाद्या परदेशी वित्तसंस्थेत तेहेतीस लाखांवर रुजू झाला. या वर्गाची सरासरी सहा लाख येते. हिशेबाने ती बिनचूक आहे; परंतु त्या वर्गातील एकाही विद्यार्थ्याच्या हाती सहा लाख रुपये पडत नाहीत, आणि विद्यार्थ्यांना वेतनाच्या चढत्या क्रमाने उभे केले तर मध्यावर येणारा आकडा, म्हणजे मध्यक, तीन लाखांचाच राहतो. पालकाला ज्याची गरज असते तो हा मध्यक, आणि त्याच्याही खालचा पहिला चतुर्थक, म्हणजे ज्याच्या खाली रांगेतील पाव विद्यार्थी येतात तो आकडा. कारण आपला पाल्य वर्गातील सर्वांत भाग्यवान ठरेल असे गृहीत धरून कोणीही शहाणा माणूस घरचा पैसा गुंतवत नाही. शिवाय हे दहाजण कोणते, हेही विचारले पाहिजे. ज्यांना नोकरी लागली नाही, ज्यांनी महाविद्यालयाच्या पत्राला उत्तर धाडले नाही, जे स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्यातल्या एखाद्या अभ्यासिकेत वर्षामागून वर्षे काढीत आहेत, ज्या मुली लग्न होऊन परगावी गेल्या आणि ज्यांचा शोध कोणी घेतला नाही, ती सर्व माणसे बहुधा या हिशेबातून गळालेली असतात, आणि ती गळाल्यामुळेच राहिलेला आकडा इतका देखणा दिसतो.

यापेक्षा सूक्ष्म, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची, अशी एक अडचण आहे. समजा, संख्याशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी इतर शाखांतील विद्यार्थ्यांपेक्षा अधिक कमावतात असे निःसंशय सिद्ध झाले. तरी ती जादा कमाई पदवीमुळे झाली असे म्हणता येईल काय? जी मुले या शाखेकडे वळतात ती मुळातच गणितात चांगली, चिकाटीची आणि अमूर्त विचाराला न कंटाळणारी असतात. ती दुसऱ्या एखाद्या शाखेत गेली असती तरी कदाचित तितकेच कमावती. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अमेरिकन अभ्यासकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात हीच गाठ मोठ्या कौशल्याने सोडवली होती. नामांकित महाविद्यालयात प्रवेश मिळूनही जे विद्यार्थी साध्या महाविद्यालयात गेले, त्यांची कमाई त्यांनी नामांकित महाविद्यालयात गेलेल्या समतुल्य विद्यार्थ्यांच्या कमाईशी ताडून पाहिली, आणि दोहोंत सामान्यतः फारसा फरक नाही असे त्यांना आढळले. मात्र गरीब घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत फरक स्पष्ट होता. त्यांना चांगल्या संस्थेचा लाभ खरोखर झाला होता. अमेरिकेतील निष्कर्ष जसाच्या तसा आपल्या मुलखाला लावता येणार नाही हे उघडच आहे. परंतु त्यातील इशारा आपल्यालाही उपयोगी आहे: ज्याच्या घरी शिक्षणाची, ओळखीपाळखीची आणि थोड्याफार मालमत्तेची परंपरा आहे, त्याच्यासाठी पदवी हा अनेक मार्गांपैकी एक मार्ग असतो, ज्याच्या घरी यांतले काहीच नाही, त्याला तीच पदवी एरवी कधीही न उघडणाऱ्या कचेरीत प्रवेश देऊ शकते. म्हणून या पदवीचे एकच एक द्रव्यमूल्य सांगणे मला शक्य वाटत नाही. ते कोणासाठी, हे आधी सांगावे लागेल.

आता जमाखर्चाकडे वळू. महाराष्ट्रात या शाखेचे एक मोठे भाग्य असे की ती अजून स्वस्त आहे. अनुदानित महाविद्यालयांत विज्ञान शाखेच्या पदवीचे शुल्क अभियांत्रिकी वा व्यवस्थापनाच्या मानाने अगदीच अल्प असते, आणि विद्यापीठांच्या विभागांतील पदव्युत्तर शिक्षणही सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर गेलेले नाही. पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्र विभाग १९५३ मध्ये सुरू झाला. तो उभा करणारे वसंत शंकर हुजूरबाजार कोल्हापूरचे. केंब्रिजहून संशोधनाची पदवी घेऊन परतलेल्या या गृहस्थांनी आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे येथे घालवली, आणि त्यामुळे साध्या घरांतील मुलांना परदेशी न जाता उच्च दर्जाचे संख्याशास्त्र शिकता आले. भारतीय सांख्यिकी संस्थेत तर ‘बी. स्टॅट.’ आणि ‘एम. स्टॅट.’च्या विद्यार्थ्यांकडून शिक्षणशुल्क घेतले जात नाही, उलट दरमहा विद्यावेतन दिले जाते. प्रवेश परीक्षा मात्र अत्यंत कठीण असते, आणि तिची नीट माहितीसुद्धा आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालयांत पोहोचत नाही, याची मला फार खंत वाटते.

शुल्क अल्प असले म्हणजे खर्च अल्प असतो असे मात्र नाही. खरा खर्च असतो तो शिकत असताना न कमावलेल्या वेतनाचा. एक उदाहरण घेऊ; आकडे केवळ हिशेबासाठी कल्पिलेले आहेत. बी.एस्सी. झालेल्या मुलीला दरमहा वीस हजारांची नोकरी मिळत असताना तिने ती नाकारून दोन वर्षे एम.एस्सी. केले, तर चार लाख ऐंशी हजारांचे वेतन बुडाले. शुल्क, पुस्तके वगैरेंचे पन्नास हजार धरले तर खर्च पाच लाख तीस हजारांवर गेला. एम.एस्सी.मुळे तिला दरमहा दहा हजार रुपये अधिक मिळू लागले, म्हणजे वर्षाला एक लाख वीस हजार, तर वरवर पाहता हा खर्च साडेचार वर्षांत फिटतो. परंतु उद्याच्या रुपयाचे मोल आजच्या रुपयाहून कमी, हे ध्यानात घेऊन आठ टक्के दराने हिशेब मांडला तर त्यास जवळजवळ पावणेसहा वर्षे लागतात. त्यानंतरचा काळ, म्हणजे नोकरीची उरलेली तीसेक वर्षे, निव्वळ लाभाची. आता हिच्या शेजारी दुसऱ्या मुलाचा हिशेब ठेवा. त्याने एखाद्या खासगी संस्थेच्या वर्षभराच्या ‘डेटा सायन्स’ अभ्यासक्रमासाठी आठ लाखांचे कर्ज अकरा टक्के व्याजाने पाच वर्षांच्या मुदतीवर काढले, तर त्याला दरमहा सुमारे सतरा हजार चारशे रुपयांचा हप्ता पडतो, आणि तो नोकरी लागो वा न लागो, बँक तो मागणारच. पहिल्या मुलीला पडेल वेतनाची नोकरी नाकारून चांगलीची वाट पाहता येते. दुसऱ्याला मिळेल ती पहिली जागा पकडावी लागते. पदवीचे मूल्य तोलताना कर्जाचे हे ओझे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात टाकल्याशिवाय केलेला कोणताही हिशेब मला प्रामाणिक वाटत नाही.

मिळकतीच्या वाटा कोणत्या, याविषयी लोकांच्या कल्पना पुष्कळ धूसर आहेत. सरकारी नोकरीत सर्वांत मानाची म्हणजे १९६१ मध्ये स्थापन झालेली भारतीय सांख्यिकी सेवा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून तीत निवड होते आणि सातव्या वेतन आयोगाप्रमाणे प्रारंभीचे मूळ वेतन दरमहा ५६,१०० रुपये असते. तिच्या खालच्या पायरीवर कनिष्ठ सांख्यिकी अधिकाऱ्याचे मूळ वेतन ३५,४०० रुपये आहे. मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या सांख्यिकी व माहिती व्यवस्थापन विभागात स्वतंत्र भरती होते. राज्य सरकारच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयात आणि त्याच्या जिल्हा कार्यालयांत जागा असतात. या सर्व जागा चांगल्या, परंतु थोड्या. केवळ त्यांच्यावर विसंबून हजारो मुलांनी ही शाखा घ्यावी असे मी म्हणणार नाही. खासगी क्षेत्रात बँकांची कर्जजोखीम मोजण्याची कामे आहेत, आणि औषधांच्या चाचण्यांचे फार मोठे क्षेत्र पुण्या-मुंबईत वाढले आहे. नवे औषध मान्यतेसाठी सादर करायचे तर किती रुग्णांवर ते तपासावे आणि दिसलेला गुण खरा की योगायोगाचा, हे ठरवण्यास संख्याशास्त्रज्ञ अनिवार्य असतो.

विमाव्यवसायाचा उल्लेख जरा विस्ताराने करतो, कारण त्यात आपल्या इतिहासाचा संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात परदेशी विमा कंपन्या भारतीय माणसाचे आयुष्य जात्याच अधिक जोखमीचे मानून त्याच्याकडून जादा हप्ता वसूल करीत. १८७० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल या संस्थेने भारतीयांचा विमा सामान्य दराने उतरवण्यास आरंभ केला. एका संपूर्ण समाजाच्या आयुर्मानाचा अंदाज चुकीचा बांधला गेला, म्हणजे त्या समाजातील प्रत्येक कुटुंबाला त्या चुकीचा भुर्दंड पिढ्यान्‌पिढ्या भरावा लागतो, हे यावरून कळेल. आज हे काम विमागणिती करतात. त्यांच्या परीक्षांची मालिका दीर्घ असते, ती पुरी करण्यास अनेकांना बरीच वर्षे लागतात आणि मध्येच सोडून देणारेही थोडे नाहीत. परंतु जे पार पडतात त्यांच्या वेतनाविषयी कोणाला चिंता करण्याचे कारण उरत नाही.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. तीन वर्षांची नुसती पदवी, तीही गाइडांतील उत्तरे पाठ करून मिळवलेली, हल्लीच्या बाजारात फारशी किंमत घेऊन येत नाही. असा पदवीधर एखाद्या कचेरीत रोजचे तक्ते भरण्याच्या कामावर बसतो, आणि त्या कामासाठी वाणिज्य शाखेचा कोणताही चुणचुणीत मुलगा त्याच्याशी स्पर्धा करू शकतो. संभाव्यता आणि अनुमान यांचे सिद्धांत ज्याच्या अंगी खरोखर मुरले आहेत, ज्याला संगणकावर आज्ञावली लिहिता येते, आणि ज्याने शेती, आरोग्य, विमा वा उद्योग यांपैकी एखादा विषय आतून जाणून घेतला आहे, त्याचेच मोल वाढते, आणि तेही नोकरीच्या पहिल्या वर्षी नव्हे तर सहाव्या-सातव्या वर्षी. ही उशिरा फळ देणारी विद्या आहे. आणि तिच्या पहिल्या पगाराची तुलना अभियंत्याच्या पहिल्या पगाराशी करणारे पालक नेमक्या चुकीच्या वर्षाचा आकडा हातात घेऊन बसलेले असतात.

यंत्रे आता स्वतःच विश्लेषण करू लागली, मग माणूस कशाला, हा प्रश्न मला फारसा भेडसावत नाही. एके काळी संख्याशास्त्राच्या प्रयोगशाळांत हाताने दांडा फिरवून चालवायची गणनयंत्रे असत आणि एका सहसंबंधाचा आकडा काढण्यात दुपार जाई. पुढे संगणक आला आणि आकडेमोडीची किंमत शून्यावर आली, तरी संख्याशास्त्रज्ञाची मागणी वाढतच गेली. कोणता प्रश्न विचारावा, माहिती कोठून आणि कशी गोळा करावी, आणि आलेल्या उत्तरावर कितपत भरवसा ठेवावा, या निर्णयांसाठीच त्याला वेतन मिळत आले आहे.

परंतु ज्या कामात या विद्येचे मोल सर्वांत अधिक आहे, त्याच कामात तिला दाम सर्वांत कमी मिळतो, आणि याविषयी मला मनापासून लिहावेसे वाटते. आपल्या राज्यातील शेतकऱ्याला पैसेवारी हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गावाचे पीक नेहमीच्या मानाने किती आले याचा तो अंदाज. आधी नजरअंदाज, मग सुधारित, आणि शेवटी अंतिम पैसेवारी जाहीर होते, आणि ती पन्नास पैशांच्या वर की खाली यावर गावाला मिळणाऱ्या सवलती वर्षानुवर्षे ठरत आल्या आहेत. पीकविम्यातही तेच: महसूल मंडळातील पीककापणी प्रयोगांतून निघालेले उत्पन्न आधी ठरवून दिलेल्या उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेले तरच भरपाई मिळते. या पीककापणीला शास्त्राची बैठक देणाऱ्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे अग्रगण्य होते. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेला हा माणूस फर्ग्युसन महाविद्यालयातून लंडनला गेला, आणि परत आल्यावर त्याने नजरेने पिकाचा अंदाज बांधण्याच्या रूढ पद्धतीच्या जागी यादृच्छिक निवडीने शेत ठरवून, त्यातील मोजलेला तुकडा कापून, धान्य प्रत्यक्ष वजन करून पाहण्याची पद्धत देशभर रुजवली. कापायचा तुकडा केवढा असावा याविषयी सुखात्मे आणि भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात मोठा वाद झाला. तुकडा फार लहान घेतला तर त्याच्या कडेवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न वास्तविकापेक्षा फुगते, हे सुखात्म्यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले. विद्वानांच्या वादातील हा बारकावा. परंतु उत्पन्न फुगले म्हणजे नुकसान कमी दिसते आणि भरपाई नाकारली जाते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कडेवरच्या चार रोपांचे मोल किती हे ध्यानी येईल.

हे काम आज महसूल, कृषी आणि जिल्हा परिषद यांच्या कर्मचाऱ्यांवर सोपवलेले असते. त्यांच्या शिरावर आधीच कामांचा डोंगर असतो, आणि प्रयोगाच्या दिवशी वेळेवर पोहोचणे, निवडलेलाच गट कापणे, वजन नीट घेणे या गोष्टींवर देखरेख करण्यास शिकलेला माणूस क्वचितच हाताशी असतो. एका मंडळातील आकडा चुकला तर हजारो कुटुंबांच्या तोंडचा घास जाऊ शकतो. प्रत्येक तालुक्यात एक शिकलेला संख्याशास्त्रज्ञ कायम पदावर नेमला तर सरकारी तिजोरीवर पडणारा भार त्या आकड्यांनी वाटल्या जाणाऱ्या रकमांच्या मानाने नगण्य ठरेल. बाजार त्याला हे वेतन देणार नाही, कारण त्याने वाचवलेला पैसा कोणत्याही एका गिऱ्हाइकाच्या खिशात जमा होत नाही; हे वेतन सरकारनेच दिले पाहिजे. आणि असे झाले तर त्याचा परिणाम पालकांच्या प्रश्नावरही होईल, कारण तालुक्याच्या ठिकाणी नियमित भरती होणारी काही शे पदे निर्माण झाली की वेतनांच्या रांगेतील अगदी खालची टोके वर उचलली जातील, आणि चंदगडच्या किंवा गेवराईच्या मुलीला आपल्या विद्येवर जगण्यासाठी पुण्यात खोली भाड्याने घेण्याची सक्ती राहणार नाही.

तोवर पालकांना निदान खरे आकडे तरी मिळावेत, आणि ते देण्याचे साधन विद्यापीठांच्या हातात आजच आहे. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प करावा लागतो. मग प्रत्येक विभागाने दरवर्षी एक प्रकल्प आपल्याच माजी विद्यार्थ्यांच्या पाहणीला द्यावा. पदवी घेऊन एक, पाच आणि दहा वर्षे झालेल्यांच्या पटावरील सर्व नावे घ्यावीत, केवळ ज्यांचा पत्ता ठाऊक आहे त्यांची नव्हे. सर्वांना पत्र धाडावे, आणि जे उत्तर देणार नाहीत त्यांच्यातून यादृच्छिक नमुना निवडून त्यांच्याकडे विद्यार्थ्यांनी स्वतः जावे. हॅन्सन आणि हर्विट्झ या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी ही रीत १९४६ मध्येच घालून दिली आहे आणि ती अभ्यासक्रमात शिकवलीही जाते. मिळालेल्या माहितीवरून नावे वगळून मध्यक आणि दोन्ही चतुर्थक काढावेत, बी.एस्सी. आणि एम.एस्सी. यांचे तक्ते वेगळे ठेवावेत, पहिल्या पिढीतील पदवीधरांचा तक्ता निराळा द्यावा, किती जणांचा पत्ता लागलाच नाही तेही त्याच तक्त्याखाली लिहावे, आणि हा कागद प्रवेश सुरू होण्यापूर्वी, मे महिन्याच्या अखेरीस, महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर आणि माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर लावावा.